फोनला भोकं पाहिजेत

"बीएन एक्केचाळीस का त्रेचाळीस?"

राजारामपुरीतल्या एका गल्लीत, जिन्याखाली कोंबलेल्या मोबाईलच्या दुकानात काउंटरमागच्या पोरानं मान वर न करता विचारलं. पप्पांनी माझ्याकडे बघितलं, मी पप्पांकडे. आम्ही बॅटरी बदलून घ्यायला आलो होतो, तोंडी परीक्षेला नव्हे.

फोन काउंटरवर उताणा ठेवला होता आणि डुलत होता. पाठ फुगली होती. पोरानं एका कोपऱ्याला टिचकी मारली तसा तो भिंगरीसारखा गर्रकन फिरला.

"काका, कधीपासनं असा हाय?"

"गणपतीपासनं."

म्हणजे दोन महिने. मला परवा सांगितलं होतं, तेही फोन उशाशी घेऊन झोपलेले असताना मी बघितलं म्हणून.

पोरानं फोन उचलला, वरची कड डोळ्यांजवळ नेली आणि पहिल्यांदाच हसला. "मिडो व्हय! असलं आता येत न्हाई काका." मिडो हे या फोनचं कारखान्यातलं टोपणनाव. ज्यांनी हा फोन उलटासुलटा करून त्यात नाना तऱ्हेच्या अँड्रॉइड घालून बघितल्यात, तेच त्याला या नावानं हाक मारतात. बाकी जगासाठी तो शाओमीचा रेडमी नोट ४. त्याच्या दोन जाती निघाल्या. चीनमध्ये आधी मीडियाटेकच्या चिपवर आला, त्याची बॅटरी बीएन४१. भारतात आला तो स्नॅपड्रॅगनवर, त्याची बीएन४३. दिसायला सख्खी भावंडं, पोटातलं वेगळं. पोराचा प्रश्न तेवढ्यासाठी होता आणि उत्तर त्यानं स्वतःच शोधलं.

हा फोन मुळात माझा. २०१७ च्या जानेवारीत मी पुण्यात नोकरीला होते. नोटाबंदीला दोन-अडीच महिने झालेले, एटीएमच्या रांगा जरा ओसरलेल्या, आणि ज्याच्या त्याच्या खिशात जिओचं सिम. सप्टेंबरपासून नेट फुकट होतं आणि ती चैन ३१ मार्चपर्यंत चालणार होती. अडचण एकच. जिओचं जाळं फक्त फोर-जीचं, साधं बोलणंसुद्धा त्यावरूनच जायचं. आपला जुना थ्री-जी फोन त्यात सिम घातलं की गप्प बसायचा. त्यामुळे आमच्या ऑफिसातले निम्मेअधिक लोक त्या महिन्यांत दहा-बारा हजारांच्या आतला फोन शोधत होते, आणि नेमक्या त्याच वेळी, १९ जानेवारीला, हा आला. ९,९९९, १०,९९९ आणि १२,९९९ अशा तीन किमती. मधला माझ्या ऐपतीचा होता, तीन जीबी रॅमचा.

ऐपत असून भागत नव्हतं. फोन दुकानात मिळायचा नाही, ऑनलाइन मिळायचा आणि तोही ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या मिनिटाला. पहिली विक्री २३ जानेवारीला दुपारी बाराला. कंपनीनं नंतर सांगितलं की पहिल्या दहा मिनिटांत अडीच लाख फोन गेले. त्या अडीच लाखांत मी नव्हते. पुढच्या वेळीही नव्हते. तिसऱ्या वेळी शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला बसवलं, दोघींनी दोन कॉम्प्युटरवरून बाराच्या ठोक्याला बटण दाबलं आणि तिला लागला. मला काळा हवा होता, मिळाला सोनेरी. लग्नाचं स्थळ ठरल्यासारखं सगळ्यांनी येऊन अभिनंदन केलं आणि समोशाचे पैसे माझ्याकडून घेतले.

तेव्हा जाणकार लोक या फोनवर नाराज होते, हे आज कुणाला खरं वाटणार नाही. याच्या आधीच्या रेडमी नोट ३ मध्ये स्नॅपड्रॅगन ६५० होता. नव्यात ६२५. आकडा कमी झाला म्हणजे कंपनीनं फसवलं, असा सूर. चिपमधल्या काम ओढणाऱ्या कोरांना बैल म्हणायचं तर जुन्या गाड्याला दोन तगडे बैल आणि चार गोऱ्हे होते. नव्याला आठ बेताचे बैल, सगळे एकसारखे. चढावर जुना गाडा सरस. पण जुनी चिप २८ नॅनोमीटरची होती आणि नवी १४ ची, म्हणजे तेच काम करायला नवे बैल वैरण फार कमी खायचे. त्यात ४,१०० एमएएचची बॅटरी. सकाळी भरलेला फोन दुसऱ्या दिवशी दुपारी आठवण करून द्यायचा. गेम खेळताना जुना गरम व्हायचा तसा हा तापायचाही नाही. एवढ्या वर्षांनी माझ्या ओळखीतले जे दोन-तीन नोट ४ अजून जिवंत आहेत ते त्या कमी वैरणीवरच, असं माझं मत आहे.

कॅमेरा मात्र यथातथा होता. उन्हात बरा, संध्याकाळनंतर माणसं लोण्याची केल्यासारखी दिसायची. माझ्या चुलत बहिणीच्या हळदीचे सगळे फोटो मी याच्यावर काढले आणि त्यात हळद कुठली, चेहरा कुठला ते अजून कळत नाही. उगीच जुन्याचं कौतुक म्हणून कॅमेऱ्याचं कौतुक करणार नाही.

२०१९ च्या मेमध्ये पप्पा निवृत्त झाले. ३१ मेला, म्हणजे अर्थातच त्यांचा वाढदिवस १ जूनचा. त्या पिढीतल्या निम्म्या महाराष्ट्राचा तोच, मास्तरांनी शाळेत नाव घालताना दिलेला. मी नवा फोन घेतला होता. जुना पुसून, नवं कव्हर घालून त्यांना दिला. त्यांच्याकडे तोवर बटणांचा होता आणि त्यात ते खूश होते. मला वाटलं, 'कशाला गं?' म्हणतील. त्यांनी फोन हातात घेतला, चालू केलाच नाही. चष्मा कपाळावर सरकवला आणि चारी कडा बघत बसले.

वरच्या कडेला तीन भोकं. एक हेडफोनचं, जवळच काळ्या काचेचा मसुराएवढा डोळा, आणि एक टाचणीच्या टोकाएवढं, दुसऱ्या माईकचं. डाव्या बाजूला सिमच्या ट्रेचं. खाली चार्जिंगचं आणि त्याच्या दोन बाजूंना जाळ्या, ज्यातल्या एकीतूनच आवाज येतो, दुसरी जोडीला म्हणून. चार्जिंगच्या भोकाशेजारी दोन बारीक स्क्रू, चक्क डोळ्यांना दिसणारे.

"चांगला हाय," पप्पा म्हणाले. "उघडता येतोय."

हे त्यांच्या तोंडून यावं यात नवल नाही. पप्पा टेलिफोन खात्यात लागले ते ट्रंक बोर्डावर. समोर उभा फळा, त्यावर ओळीनं भोकं, खाली दोऱ्या. दिवा लागला की एक दोरी त्याच्या भोकात, 'नंबर प्लीज', मग जोडीची दोरी पलीकडच्या भोकात. मिरजेचं भोक, बेळगावचं भोक, मुंबईचं भोक. साधा कॉल, अर्जंट कॉल, लाइटनिंग कॉल. लाइटनिंग आला की समजायचं एक तर कुणीतरी गेलं किंवा कुणाचं तरी फार मोठं सौद्याचं काम आहे. त्या फळ्यावरच्या भोकालाच जॅक म्हणायचे. पाव इंचाचा तो जॅक एकोणिसाव्या शतकात टेलिफोनच्या फळ्यांसाठी आला, त्याचा धाकटा अवतार, साडेतीन मिलिमीटरचा, पुढं ट्रान्झिस्टर रेडिओत आणि वॉकमनमध्ये आला आणि तिथून मोबाईलमध्ये. पप्पांना हे सगळं माहीत होतं असं नाही, पण हेडफोनचं भोक बघून ते ज्या सुरात "ह्यो आपला जॅक" म्हणाले, तो सूर गावाकडचा माणूस मुंबईत भेटल्यावर लागतो तसला होता.

माझा नवा फोन त्यांनी त्याच संध्याकाळी तपासला. गुळगुळीत, काचेचा, वर काही नाही, खाली एकच चपटं भोक. ॲपलनं २०१६ मध्ये हेडफोनचं भोक काढलं, आणि हळूहळू बाकीच्यांनीही. पप्पांनी तो फिरवून फिरवून बघितला आणि परत दिला.

"फोनला भोकं पाहिजेत बघ. भोकच न्हाई तर दोरी कुठं घालायची?"

मी हसले होते. ऑगस्टपर्यंत.

आमचं घर नागाळा पार्काच्या खालच्या अंगाला. पंचगंगेचं पाणी कोल्हापूरकराला नवं नाही. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ ला धोका हे शाळेतल्या पोरालाही पाठ असतं, पावसाळ्यात लोक एकमेकांना तब्येतीआधी पातळी विचारतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती ५५ फुटांच्या वर गेली. आई-पप्पा समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, शेजाऱ्यांकडे. वीज गेलेली. आमच्या तळमजल्यात छातीएवढं पाणी. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली, त्यामुळे मी पुण्यात अडकलेली, नुसती टीव्हीसमोर बसून आपल्या गल्लीचं छप्पर दिसतंय का बघत.

पप्पांनी शिस्त लावली. नेट बंद. पडद्याचा उजेड तळाला. फोन करायचा नाही, सकाळी आठ आणि रात्री आठला मिस कॉल द्यायचा, एक रिंग म्हणजे ठीक, दोन म्हणजे तू कर. टॉवरचं काही खरं नव्हतं. कधी आठचा मिस कॉल साडेदहाला यायचा आणि तोवर माझ्या हाताला घाम. दुसऱ्या दिवशी दोन रिंगा आल्या. मी थरथरत फोन लावला तर म्हणाले, "अगं, मगाशी चुकून दोनदा दाबलं. पाणी पायरीभर उतरलंय. एफएमवर सांगत्यात."

एफएम. त्या इमारतीत सगळ्यांकडे भारीतले फोन होते आणि सगळे नेटवर जगणारे, नेट गेलं तशा नुसत्या टॉर्च उरल्या होत्या. या फोनमध्ये रेडिओ होता. त्याला नेट लागत नाही, सिम लागत नाही, टॉवर लागत नाही. लागते ती हेडफोनची वायर, कारण तीच एरियल. एफएमची लाट साधारण तीन मीटरची, तिचा पाव भाग पाऊण मीटर, आणि हेडफोनची वायर त्याहून जरा जास्तच. एरियलला पुरून उरते. पप्पांनी वायर खिडकीच्या गजाला गुंडाळून बाहेर सोडली, आवाज स्पीकरवर घेतला आणि जिन्यात फोन ठेवला. दोन मजल्यांची माणसं पायऱ्यांवर बसून बातम्या ऐकायची, मग फोन बंद. तास-दोन तासांनी परत. अशा रीतीनं त्यांनी एक चार्जिंग तीन दिवस पुरवलं आणि चौथ्या दिवशी सकाळी फोन गेला तेव्हा बोटी येऊन गेल्या होत्या.

पुढं २०२३ मध्ये केंद्र सरकारनं मोबाईल कंपन्यांना सूचना काढली की फोनमध्ये एफएमची सोय असेल तर ती बंद करू नका, आपत्तीत कामाला येते. बातमी मी पप्पांना वाचून दाखवली. त्यांनी पूर्ण ऐकली आणि म्हणाले, "भोकाचं काय लिवलंय?" भोकाचं काही लिहिलं नव्हतं.

पाणी उतरल्यावर घर साफ करताना टीव्हीचा रिमोट सापडला, गाळानं भरलेला. टीव्ही वर भिंतीवर होता म्हणून वाचला. तेव्हा त्या काळ्या डोळ्याचं महत्त्व कळलं. तो इन्फ्रारेडचा दिवा. फोनमधल्या रिमोटच्या ॲपमध्ये टीव्हीची कंपनी निवडायची, फोन टीव्हीकडे रोखायचा आणि तो सेकंदाला अडतीस हजार वेळा उघडझाप करणाऱ्या न दिसणाऱ्या उजेडात टीव्हीला हुकूम देतो. नवा रिमोट आम्ही आजतागायत घेतला नाही. उलट पप्पांना चाळाच लागला. लग्नाच्या हॉलमधला एसी वाढवून ठेवतात, बँकेत वाट बघत बसल्या बसल्या भिंतीवरचा टीव्ही बातम्यांवरून भजनावर नेतात आणि चेहरा असा करतात की जणू देवानंच बदलला.

माझ्या भाच्याला त्यांनी एकदा तो डोळा दाखवला. दुसऱ्या फोनचा सेल्फी कॅमेरा चालू करून त्याच्यासमोर हा धरला आणि बटण दाबलं. नुसत्या डोळ्यांना काही नाही, पण त्या पडद्यावर काळ्या काचेआड जांभळा ठिपका लुकलुकायला लागला. पोरगं अर्धा तास त्याच्यापुढे बसून होतं. रिमोटचा सेल गेलाय का हे बघायची ही युक्ती टीव्ही दुरुस्त करणाऱ्यांना केव्हाची ठाऊक आहे.

आईनं हा फोन स्वतःचा कधी मानला नाही, पण वापरते तीच जास्त. सकाळी स्वयंपाकघरात फळीवर, हिंगाच्या डबीला टेकवून. पप्पांना बोटांनी टायपायचा कंटाळा, तिला चष्म्याशिवाय दिसत नाही, म्हणून ती बोलून लिहिते. गूगलनं मराठीत बोलून लिहायची सोय २०१७ च्या ऑगस्टमध्ये आणली, फोन आला त्याच वर्षी. आमच्याकडं कोल्हापुरात जुन्या बायका 'मी येतो', 'मी जातो' असंच बोलतात, आई तशीच बोलते आणि फोन इमानेइतबारे तसंच लिहितो. माझ्या पुण्याच्या जावेला एकदा 'मी उद्या येतो, पुरण घेऊन येतो' असा निरोप गेला. तिनं नवऱ्याला विचारलं, पुरण घेऊन नक्की कोण येणार आहे? आई सांगते, फोनला माझं बोलणं कळतं, माणसांना कळत नाही.

एक भोक मात्र या फोनला कमी होतं आणि त्याचा राग आम्हाला आजही आहे. सिमच्या ट्रेमध्ये दोन खण; दुसऱ्यात एक तर दुसरं सिम घाला नाही तर मेमरी कार्ड. दोन्ही नाही. पप्पांना दोन सिम हवी होती, एक खात्याचं जुनं आणि एक नेटचं, आणि ३२ जीबीमध्ये नातलगांचे सुप्रभात मावेनात. तेव्हा बाजारात एक उद्योग चालायचा. सिमचं प्लॅस्टिक गरम करून आतली सोनेरी चकती सोलायची आणि मेमरी कार्डाच्या पाठीवर चिकटवायची, म्हणजे एकाच खणात दोघं. पप्पांनी तो घरी, इस्त्रीवर करून बघितला. जुनं सिम जळालं. वर्षानुवर्षांचा नंबर परत मिळवायला चार खेपा झाल्या. त्यावर आमच्याकडं कुणी बोलत नाही.

आता फोन म्हातारा झालाय, यात वाद नाही, आणि म्हातारपण असं कडेकडेनं येतं. कंपनीनं याला शेवटपर्यंत अँड्रॉइड ७ वरच ठेवलं. क्रोम ११९ वर थांबला, त्यापुढचे निदान अँड्रॉइड ८ मागतात. एका बँकेच्या ॲपनं एके सकाळी उघडायला नकार दिला, 'तुमचं उपकरण चालणार नाही' म्हणून. पप्पांना तो अपमान वाटला. काल चालत होतं की! मला विचाराल तर त्या बँकेचं बरोबर होतं. सुरक्षेची शेवटची डागडुजी होऊन वर्षं झालेल्या फोनवर पैशांचा व्यवहार करू नये, आणि मी तो त्यांना कधीच बंद करायला लावला असता, त्यांच्या तोंडाकडं बघून राहून गेलं होतं.

त्याहून विचित्र एक गोष्ट घडली. फोनच्या पोटात एक यादी असते, जगात कुणाकुणाच्या सहीवर विश्वास ठेवायचा त्याची. लेट्स एन्क्रिप्ट नावाची एक ना-नफा संस्था कितीतरी साइटींना फुकट असा दाखला देते. तिची स्वतःची सही अँड्रॉइड ७.१.१ पासूनच्या यादीत आहे. आमचा ७.०. इतकी वर्षं जुन्या फोनांसाठी एका दुसऱ्याच जुन्या सहीची पुस्ती जोडून काम भागवलं जात होतं, तीही २०२४ मध्ये संपली. तेव्हापासून काही ॲपमधून उघडलेली पानं पप्पांना सांगायला लागली की ही जागा धोक्याची आहे. पान तेच, फोन तोच, ओळख पटत नाही. दशांशाच्या पुढच्या एका आकड्यानं हुकलं. पप्पांना हे समजावताना मी ट्रंक बोर्डाचंच उदाहरण दिलं: समजा मुंबईची ऑपरेटर बदलली आणि तुमच्या वहीत नव्या बाईचं नावच नाही. ते म्हणाले, "मग आवाज वळखायचा." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

म्हणून मी नवा फोन घेऊन दिला. पेन्शन, पैसे, बँक त्यात. तो ते देवघराच्या कपाटात ठेवतात, लागला की काढतात, काम झालं की परत कपाटात. खिशात हाच. वाजला की कोपऱ्यातला पांढरा दिवा लुकलुकतो, पडदा न उघडता कळतं की काहीतरी आलंय, आणि बहुतेक वेळा ते काय आलंय ते बघायची त्यांना गरज वाटत नाही. हा दिवासुद्धा आता नव्या फोनांत दिसत नाही.

दुकानातल्या पोरानं ट्रे काढला, खालचे दोन स्क्रू काढून चुंबकाच्या ताटलीत ठेवले आणि गिटार वाजवायच्या त्रिकोणी पट्टीनं कडेनं हळूहळू पाठ सोडवली. अर्ध्यात थांबला. "इथं घाई केली की गेलंच," म्हणाला. बोटाच्या ठशाची जागा पाठीवर आहे आणि तिची कागदासारखी पट्टी आतल्या बोर्डाला जोडलेली. झाकण हिसकलं की ती फाटते. त्यानं चिमट्यानं तिचं टोक सोडवलं, मग पाठ बाजूला ठेवली. आत बॅटरी उशीसारखी टम्म. पप्पा काउंटरवरून इतके वाकले होते की त्यांच्या चष्म्यात बोर्ड दिसत होता.

"केवढं मोकळं केलंय," ते हळूच म्हणाले, कुणाला उद्देशून नाही.

नवी बॅटरी बसली, त्रेचाळीसच. साडेसातशे रुपये, मजुरीसकट. पाठ दाबताना चारी बाजूंनी टक टक टक असे आवाज आले. फोन चालू झाला. पोरानं ठसा तपासला, स्पीकर तपासला आणि फोन परत देताना विचारलं, "काका, इकायचा असला तर सांगा. बोर्ड कडक हाय. गिऱ्हाईक हाय माझ्याकडं."

पप्पांनी ऐकलं नसल्यासारखं केलं. शर्टाच्या वरच्या खिशातून वायर काढली, पिवळी पडलेली, एका कानाचा बोळा गेलेला. भोकात घातली. पट्टीवरचा काटा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन आला, नुसती खरखर. जिन्याखालचं दुकान, तीन बाजूंनी भिंती. पप्पा दोन पावलं मागं सरकले, शटरच्या कडीला वायरचा मधला वेढा अडकवला आणि परत शोधायला लावलं.

खरखरीतून तबला आला, मग बाईचा आवाज. पोरानं हातातला पेचकस खाली ठेवला.

"ओ काका, जरा मोठ्यानं करा की."